पेठेतला सुपरहिरो: अजून बाहेर न आलेल्या गेमचा प्रोटोटाइप खेळून पाहिला, मतं हवी आहेत

कौलारू (धागाकर्ता)

मंडळी, ओळखीतली तीन पोरं नोकऱ्या सांभाळून एक गेम करतायत. सुपरहिरोचा, आणि तोही पुण्याच्या पेठांमध्ये घडणारा. गेमला अजून नाव नाही. फोल्डरवर 'हिरो_शेवटचा_खरंच_शेवटचा' असं लिहिलंय, त्यावरून काय ते समजा. बिल्ड (म्हणजे गेमची आत्तापर्यंत तयार झालेली आवृत्ती) माझ्याकडे खेळायला दिलं आणि म्हणाले, खरंखुरं मत दे, गोड बोलू नकोस. इथे लिहायची परवानगी घेतली आहे, फक्त नावं आणि फोटो टाकायचे नाहीत.

आधी काय आहे ते सांगतो. जवळजवळ सगळं शहर राखाडी ठोकळ्यांचं आहे. एकट्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर मन लावून काम केलंय, अगदी दारावरच्या खिळ्यांसकट. बाकी लक्ष्मी रोड, तुळशीबाग, बेलबाग चौक हे सगळे ठोकळेच, पण रस्त्यांची वळणं इतकी बरोबर आहेत की पाट्या नसतानाही मी कुठे आहे ते कळत होतं. गुंड हात आडवे पसरून उभे असतात, कारण त्यांचं अॅनिमेशन झालेलं नाही. धोक्याची सूचना म्हणून सध्या कुकरची शिट्टी वाजते. ती ठेवावी असं माझं मत आहे.

हिरोकडे एक उपरणं आहे. ते फेकायचं, गॅलरीच्या कठड्याला अडकवायचं आणि झोका घ्यायचा. कल्पना ऐकली तेव्हा मी जागेवर टाळी दिली होती. हातात कंट्रोलर आल्यावर मात्र मजा येईना. झोका घेतला की खाली पार्क केलेल्या गाड्यांना पाय लागतात, नाहीतर समोरच्या भिंतीवर आदळतो. तीन झोके नीट जमले तरी मधूनच वाटतं, चालत गेलो असतो तर बरं.

आता चांगलं. एकदा झोका चुकून मी एका वाड्याच्या कौलांवर पडलो. पडल्यावर पायाखालची दोन कौलं सटकली, घरंगळत पन्हाळीपर्यंत गेली आणि खाली फुटल्याचा आवाज आला. हिरो त्या उतारावर किंचित घसरला, मी जॉयस्टिक वर ढकलली, तो आढ्यावर पोचला आणि तिथून पळत सुटला. पुढची कितीतरी मिनिटं मी मिशन वगैरे विसरून नुसता छपरांवरून पळत होतो. पोरांना हे सांगितलं तर म्हणाले, 'अरे ते होय, ते एका रात्रीत असंच घातलंय.'

मारामारीबद्दल बोलत नाही. बटण दाबत राहायचं आणि गुंड पडत राहतात.

त्यांचा प्रश्न असा आहे की पुढे जायचं का, आणि जायचं तर काय ठेवायचं. माझं मत बनत आलंय, पण इथे गेमवाले, पुणेवाले आणि नुसतेच बोलणारे असे तिन्ही प्रकार आहेत, म्हणून विचारतो.

बिनसाखर

पहिला नंबर माझा. सुपरहिरो पेठेत राहणार असेल तर त्याची पहिली शक्ती पार्किंग शोधण्याची असली पाहिजे. बाकी वाचतोय.

बगशोधक

मी याच धंद्यात आहे, टेस्टिंगमध्ये. त्यामुळे थोडं रुक्ष लिहितो.

प्रोटोटाइप 'चांगला की वाईट' हा प्रश्नच विचारू नका. तो एखाद्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बनवलेला असतो, तेव्हा उत्तर मिळालं का ते बघायचं. ग्राफिक्स, आवाज, गोष्ट यांना आत्ता गुण देण्यात अर्थ नाही. बॅटमॅनचा 'आर्कम असायलम' हा गेम २००९ साली आला तेव्हा त्याच्या मारामारीचं सगळ्यांनी कौतुक केलं. त्याच मारामारीचा एक सुरुवातीचा प्रोटोटाइप म्हणजे सपाट पडद्यावर एकमेकांवर आदळणारे रंगीत गोल होते. बॅटमॅन नाही, गॉथम नाही, फक्त गोल. त्या गोलांवरून पुढची पद्धत उभी राहिली. तुमच्या पोरांनी दिल्ली दरवाज्याचे खिळे कोरण्यात जो वेळ घालवला, तो आत्ताचा नव्हता.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं (फ्रेम) येतात, तो किती होता? आणि बटण दाबल्यापासून उडी सुरू व्हायला वेळ लागतो का?

कौलारू

फ्रेमरेट ६०च्या आसपास, तुळशीबागेत गर्दी आली की ३०वर घसरतो. उडी ठीक वाटली. पण एक गोष्ट डोक्यात गेली. प्रत्येक वेळी उंचावरून उतरला की हिरो एक गुडघा टेकतो, एक मुठ जमिनीवर, मान खाली. पोस्टरवर असतो तसा. तोपर्यंत माझ्या हातात काही नाही. अर्धा सेकंद जातो, आणि दर उडीला जातो.

बगशोधक

तेच विचारणार होतो! ६० फ्रेमच्या हिशोबाने एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. अर्धा सेकंद म्हणजे ३० फ्रेम खेळणारा नुसता बघत बसतो. छपरांवरून पळण्यात मजा आहे म्हणता, तर ती मजा हाच गुडघा खातोय. फार उंचावरून पडला तरच टेकू दे, आणि तेव्हाही जॉयस्टिक हलवली की लगेच उठला पाहिजे.

अजून एक. कड्यावरून पाय निसटल्यावरही पुढच्या ५-६ फ्रेम उडी मारू द्यायची असते. यात फसवणूक काही नाही, माणसाला 'मी वेळेत दाबलं होतं' असं वाटतं आणि ते बहुतेक खरंच असतं. हे आहे का बघा. पन्हाळीवरून उडी मारताना लगेच कळेल.

टिल्लू

दादा बिल्डची लिंक मिळेल का?? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय

कौलारू

टिल्लू, नाही. व्यनिलाही उत्तर नाहीच असेल.

बगशोधक

टिल्लू, रागावू नकोस, पण कारण समजून घे. डिसेंबर २०२३मध्ये इन्सोम्नियाक या गेम स्टुडिओचा डेटा हॅकरांनी चोरून बाहेर टाकला. त्यात वुल्वरिनच्या गेमचं अर्धवट बिल्डही होतं. लोकांनी ते खेळून व्हिडिओ केले, 'ग्राफिक्स बंडल' म्हणून नावं ठेवली. अर्ध्या भाजलेल्या विटांवरून घर कसं होणार ते ठरवत होते. शिवाय त्याच चोरीत तिथे काम करणाऱ्यांची खासगी कागदपत्रंसुद्धा उघड्यावर आली. मोठी कंपनी असलं काही झेलू शकते. तीन पोरांचा गेम अशाने तिथेच संपतो.

जुनी_कॅसेट

अर्धवट राहिलेल्या सुपरहिरो गेमांचा विषय निघाला म्हणून लिहितो, हा माझा जुना नाद.

१९९९ साली निन्टेन्डो ६४वर सुपरमॅनचा एक गेम आला होता. हवेत लटकवलेल्या कड्यांमधून उडत राहायचं आणि चहूकडे हिरवट धुकं. अजूनही सगळ्यात वाईट गेमांच्या यादीत त्याचं नाव असतं. त्याच वेळी प्लेस्टेशनसाठी वेगळी आवृत्ती तयार होत होती, दुसऱ्या टीमकडे. ती रद्द झाली आणि वीस वर्षांनी, २०२०मध्ये, तिचा प्रोटोटाइप इंटरनेटवर आला. टीएचक्यू या गेम कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या टीमचा अॅव्हेंजर्स गेम तर बराच पुढे गेला होता, चौघांनी मिळून हिरोच्या डोळ्यांतून खेळायचा. २०११मध्ये स्टुडिओच बंद केले. 'द डार्क नाइट' या बॅटमॅनच्या सिनेमावरचा गेम पॅन्डेमिक स्टुडिओकडे होता, सिनेमा २००८ला येऊन गेला, गेम आलाच नाही.

यातून मला दिसतं ते असं, की सुपरहिरोचे गेम मारामारीवरून क्वचितच अडकतात. अडकतात ते एकतर परवान्यावर किंवा 'हा माणूस शहरात फिरणार कसा' या प्रश्नावर. सुपरमॅन उडतो म्हटल्यावर त्याला रस्ते लागत नाहीत, भिंती लागत नाहीत, मग करायचं काय? लावा कडी.

परवान्याचा प्रश्न तुमच्या पोरांना नाही, हिरो स्वतःचा आहे. दुसरा आहेच.

वाडासंस्कृती

मी आर्किटेक्ट आहे. गेम खेळत नाही, मुलगा खेळतो. पण झोक्याचं गणित मला खटकलं म्हणून कागदावर मांडलं.

पेठेतली चार मजली इमारत म्हणजे साधारण १२ मीटर. गच्चीच्या कठड्याला उपरणं अडकवलं आणि दोर १० मीटर धरला, तर झोक्याच्या तळाशी हिरो जमिनीपासून दोन मीटरवर. म्हणजे रिक्षाच्या टपाला पाय. ६० अंशांवरून सोडलं तर तळाशी त्याचा वेग सेकंदाला सुमारे ९.९ मीटर, म्हणजे ताशी ३५-३६ किलोमीटर. सकाळी लवकर लक्ष्मी रोडवरून स्कूटी जाते तेवढा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला साडेतीन सेकंदांच्या आसपास. आता दोर ६० मीटरचा करा, तोच कोन, वेग ताशी ८७ किलोमीटर होतो. पण ६० मीटरचा दोर टांगायला तेवढ्या उंच इमारती हव्यात, आणि त्या समोरासमोर, सरळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. मॅनहॅटनमध्ये आहेत. सदाशिव पेठेत नाहीत.

त्यातही तुमचा दिल्ली दरवाजा! शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. २०१०च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीशिवाय काही नाही. म्हणून तिथे आजूबाजूला उंच काही उगवत नाही. (जुन्या वाड्यांत राहणाऱ्या लोकांचे यामुळे जे हाल आहेत तो वेगळा धागा होईल.) मुलांनी झोका घ्यायला शहरातली सगळ्यात बुटकी जागा निवडली आहे.

कौलारू

कमाल! हे मी जसंच्या तसं त्यांना पाठवतोय. मला तीन दिशांनी जे 'जमत नाहीये' असं वाटत होतं त्याचं कारण एका परिच्छेदात मिळालं.

बिनसाखर

म्हणजे शास्त्रानुसार सुपरहिरोपेक्षा स्कूटीवरच्या काकू फास्ट. हे आम्हा पुणेकरांना आधीपासून माहीत होतं.

जुनी_कॅसेट

वाडासंस्कृती यांना दंडवत. एकच पुरवणी. गेममध्ये गुरुत्वाकर्षण आपल्या मनाचं असतं, वेग वाढवता येतो. स्पायडरमॅनच्या २००२च्या गेममध्ये जाळं सरळ आकाशाला चिकटायचं, कुणी काही म्हटलं नाही. २००४च्या 'स्पायडर-मॅन २'मध्ये मात्र जाळं खऱ्या इमारतीलाच चिकटायला लागलं आणि तिथून त्या झोक्याला वजन आलं. इमारत नसेल तिथे झोका नाही. म्हणजे पोरांनी गणित वाकवलं तरी बुटक्या पेठेत तो झोका खोटा वाटेल.

उलट तुमच्याकडे छपरं आहेत. २००७चा 'असॅसिन्स क्रीड' आठवा. दमास्कस, एकर, जेरुसलेम. बुटकी, चिकटून बसलेली घरं, अरुंद गल्ल्या. त्यात कुणाला झोका हवा होता? पळायचं, चढायचं, उडी मारायची. पेठेची रचना त्या जातीची आहे.

आणि वायरी! गल्लीच्या आरपार गेलेल्या केबलच्या वायरींचं जाळं. 'इन्फेमस'मध्ये (२००९) हिरो विजेच्या तारांवरून घसरत जायचा, काय मस्त वाटायचं ते. पुण्यात तर हे जाळं फुकट मिळतंय.

नारायणपेठी

मी या धाग्यावर लिहावं की नाही, विचार करत होतो. गेममधलं मला काही कळत नाही, वय ७० पार. नातवाने धागा दाखवला.

पण छपरांचं वाचून राहवलं नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा आम्ही नदीजवळच्या एका वाड्यात होतो. मी लहान होतो. पाणी जिन्याच्या पायऱ्या एकेक करत वर आलं आणि आम्ही माळ्यावर, मग कौलं काढून छपरावर. तुम्ही लिहिलंत कौल सटकतं, तसंच सटकतं ते. ओलं असलं की जास्त. शेजारच्या वाड्यातल्या एका दांडगट मुलाने आमच्या आजीला छपरावरून छपरावर नेलं, पाठुंगळीला घेऊन. पुढे तो बँकेत लागला.

तुमचा हिरो गुंडांना मारतो म्हणालात. पेठेत गुंड कोण आणि किती! पूर दाखवा की.

वाडासंस्कृती

काका, अंगावर काटा आला.

बगशोधक

काका, तुम्हाला कळत नाही म्हणता, पण तुम्ही डिझाइनचा तिढा सोडवलात. पाणी चढलं की जमीन नाहीशी होते. आत्ता या बिल्डमध्ये छपरावरून पळायचं कारणच नाही, खाली उतरून चालत गेलं तरी चालतं. पाणी वाढत असेल तर छप्पर हाच रस्ता. आणि माणूस पाठीवर असेल तर उडी छोटी, घसरण जास्त, वजन वेगळं. मारामारी पूर्ण काढून टाकली तरी खेळ उभा राहतो.

सावधगिरीचं एकच सांगतो. त्या पुरात माणसं गेली. त्याच्यावर गुण, कॉम्बो, 'मिशन पूर्ण' अशी फटाकेबाजी नको.

चौकटीबाहेर

स्पष्ट लिहितो, राग नसावा. हे सगळं नॉस्टॅल्जिया चाललंय. पानशेत, वाडे, कौलं, कुकरची शिट्टी. आजचा पंधरा वर्षांचा मुलगा बाणेर-वाकडला विसाव्या मजल्यावर राहतो, त्याने कौल पाहिलेलं नाही. त्याला झोका हवा असेल तर हिंजवडीत घ्या की, उंच इमारती आहेत, रस्ते रुंद आहेत. गेम विकायचाय ना? की मायबोलीकरांना डोळ्यात पाणी आणायचंय?

जुनी_कॅसेट

मुद्दा बरोबर आहे, निष्कर्ष नाही. हिंजवडीच्या काचेच्या इमारती जगात कुठेही आहेत. त्या झोक्यात या पोरांना मोठ्या स्टुडिओशी स्पर्धा करावी लागेल, तीन जण मिळून. 'राजी' हा गेम पुण्यातल्याच टीमने केला, २०२०मध्ये आला. तो जगभर खेळला गेला तो इथल्या महालांच्या, भित्तिचित्रांच्या जोरावर, न्यूयॉर्कसारखा दिसला म्हणून नाही.

आणि पंधरा वर्षांच्या मुलाने दमास्कस तरी कुठे पाहिलंय.

चौकटीबाहेर

शेवटचं वाक्य मान्य. बाकीचं तेव्हा बोलू जेव्हा एखादा पंधरा वर्षांचा मुलगा खेळून बघेल. इथे चर्चा करणाऱ्यांपैकी निम्म्यांची चाळिशी उलटली आहे.

शुद्धमती

धाग्याच्या सुरुवातीला 'मुठ' असे आहे. ते 'मूठ' हवे. बाकी चर्चा उत्तम.

बिनसाखर

आली. मी वाटच बघत होतो.

कौलारू

सगळ्यांना धन्यवाद. मूठ आवळून वाचतोय. (शुद्धमती, आता संपादन करता येत नाही.)

काल पोरांकडे जाऊन आलो. वाडासंस्कृतींचं गणित भिंतीवर चिकटवलंय. झोका काढायचा म्हटल्यावर एकाचा चेहरा उतरला, कारण उपरण्याचं कापड हवेत कसं लहरेल त्याचा कोड त्याने महिनोन् महिने घासलाय. त्यावर बराच वाद झाला. शेवटी असं ठरलं की उपरणं राहणार, पण झोक्यासाठी नाही. गल्लीच्या पलीकडे फेकायचं, गाठ मारायची आणि दुसऱ्या माणसाला पलीकडे न्यायचं. पूर नक्की करायचा की नाही हे त्यांनी ठरवलेलं नाही. मी आग्रह धरला नाही, पण काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला तेव्हा तिघंही गप्प होते आणि मग एकाने पाण्याची पातळी वाढवायचा एक स्लायडर लगेच तिथेच टाकून पाहिला. कामचलाऊ होतं, पाणी भिंतींच्या आरपार दिसत होतं. तरी मी तिसऱ्या छपरापर्यंत पोचलो तेव्हा हाताला घाम आला होता. पहिल्या बिल्डमध्ये एकदाही आला नव्हता.

गुडघा टेकणं काढलंय. पन्हाळीवरची ती ५-६ फ्रेमची सवलत नव्हतीच, आता आहे. फरक लगेच कळतो.

माझं मत त्यांना लिहून दिलं: झोका टाका, मारामारी टाका, दरवाज्याचे खिळे तसेच राहू द्या पण त्यांना हात लावू नका, आणि ज्या कौलांना एका रात्रीत असंच घातलं त्यांच्यावर पुढचे दिवस घाला. घसरणाऱ्या उतारावर तोल सावरणं हाच हा गेम आहे.

बगशोधक

बरोबर. आता बाहेरच्या माणसांकडून टेस्ट करून घ्या. फार नकोत. वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणाऱ्या याकोब निल्सनने २०००मध्ये लिहिलं होतं की पाच जणांना वापरायला दिलं की बहुतेक मोठ्या अडचणी दिसतात. तो वेबसाइटबद्दल बोलत होता, गेमला जसंच्या तसं लागू होत नाही, पण सुरुवात म्हणून पुरे. पाचांत एखादा पंधरा वर्षांचा घ्या, म्हणजे चौकटीबाहेर यांचंही समाधान. आणि निदान एक जण असा, ज्याने आयुष्यात कंट्रोलर धरलेला नाही.

नियम एकच, मागे उभं राहून काही सांगायचं नाही. माणूस अडकला तर अडकू द्या, कुठे अडकला ते वहीत लिहा. गेम विकत घेतल्यावर पोरं त्याच्या घरी जाऊन 'काका, त्रिकोण दाबा' सांगणार नाहीत.

वाडासंस्कृती

माझा मुलगा चौदाचा आहे. कौलं पाहिलेली नाहीत, वाकडला राहतो. नमुना म्हणून चालेल का?

कौलारू

पळेल! रविवारी सकाळी घेऊन या, पत्ता व्यनि करतो. कंट्रोलर न धरलेला माणूस म्हणून माझ्या मनात एकच नाव आहे. नारायणपेठी काका, याल का? न्यायला-आणायला मी येईन.

नारायणपेठी

येतो. नातू पण येईल, पण त्याला दुसऱ्या खोलीत बसवा. तो मला मोबाइल शिकवतो तेव्हा सारखं 'आजोबा हे नाही, ते दाबा' करतो. तसं कोणी केलं तर मी उठून जाईन.

बगशोधक

काका, तसं कोणी केलं तर मीच त्याला बाहेर काढीन.

टिल्लू

मी पण येऊ का?? मी काही लीक नाही करणार, शप्पथ

कौलारू

वय किती तुझं?

टिल्लू

१५

कौलारू

ये. फोन दारात ठेवायचा.